अमावास्येची खरेदी

माझे सासरे जोतिषी होते. आख्खं पनवेल त्यांच्याकडे दिवस विचारायला यायचं. लग्न, मुंज, विहिरीची पहिली कुदळ, भातगिरणीचा नारळ, काही म्हणून त्यांच्याशिवाय व्हायचं नाही. बंदरावरची माणसं नवं गलबत पाण्यात लोटायच्या आधी आमच्या ओसरीवर येऊन बसायची. आणि दुसऱ्यांच्या वास्तूंचे एवढे मुहूर्त काढणाऱ्या या माणसाला स्वतःचं घर नव्हतं. तीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली. त्यांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं, आणि वाटलेलं मनात ठेवायची मला सवय नव्हती.

लग्न होऊन आल्यापासून चार वर्षांत माझं हे पाचवं घर. पहिल्या जागेशेजारी बैलगाडीची चाकं करणारे सुतार होते, उजाडल्यापासून ठोकाठोक. दुसऱ्या जागेत पावसाळाभर पातेली मांडून बसायचं. तिसऱ्या मालकाला भाडं वाढवून हवं होतं, चौथ्याला जावई आणून ठेवायचा होता. दर वेळी मामंजी म्हणायचे, "चार दिवस थांबून निघू, दिवस बरा नाही," आणि मालक म्हणायचा, "आजच निघा." मग मी बोचकी बांधायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आमचे हे उरणला मिठागरांच्या कचेरीत कारकून, शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. म्हणजे घर हलवायला मी आणि मामंजी, दोघंच.

चौथ्या घरातून पाचव्यात येताना मला तिसरा महिना होता. हमाल यायला वेळ लागला आणि गाडीवाला घाई करत होता, म्हणून जात्याची तळी मी उचलली. उंबऱ्यापर्यंत नेली असेल. पुढचं सांगण्यासारखं नाही. मूल गेलं. मामंजी दारात उभे होते, त्यांनी सगळं पाहिलं. त्या विषयावर आमच्या घरात नंतर कुणी एक शब्द बोललं नाही.

आणि आता पाचव्या मालकानं सांगितलं होतं की मुलाचं लग्न ठरलंय, आषाढाच्या आत खोल्या मोकळ्या करा. मला पुन्हा दिवस गेले होते. पुन्हा तिसराच महिना. मी रात्रंदिवस एकच गोष्ट घोकत होते, की आता बोचकं बांधायचं तर ते शेवटचं, नाहीतर मी इथून हलत नाही.

घर मीच शोधलं. इस्राएल आळीत सरकारी दवाखान्यातले एक म्हातारे कंपाउंडर बायकोबरोबर राहायचे, त्यांना मी काका-काकू म्हणायची. पेन्शनीत निघाले होते. आमच्या पनवेलचीच जुनी माणसं, बोलणं-चालणं, जेवणखाण, सगळं कोकणी. धर्मानं यहुदी, फरक काय तो देवाचा. त्यांचे दोन्ही मुलगे आधीच इस्रायलला गेले होते आणि आता या दोघांनाही बोलावत होते. काका-काकूंना घर विकायचं होतं. तीन खणांचं घर, पुढे ओटी, मागे विहीर, कौलं चांगली. मी पाहिलं आणि परत येऊन मामंजींना म्हटलं, "मी घर बघून आले. आता तुम्ही नाही म्हणू नका."

ते नाही म्हणाले नाहीत. माझ्या पाटल्या, त्यांची गंगाजळी आणि ह्यांनी कचेरीतून उचललेलं कर्ज असं करून पैशाचं जमलं. विसार दिला. काका म्हणाले, "गुरुजी, कागद पुढच्या पंधरवड्यात करू, काही घाई नाही."

घाई नाही म्हणे! त्याच आठवड्यात बुधवारी त्यांना मुंबईहून पत्र आलं. जागा मिळाली आहे, सोमवारी विमान, रविवारी मुंबईत हजर व्हा. काका छत्री घेऊन भर उन्हात आमच्याकडे आले. वैशाख संपत आला होता, डोकं तापायचे दिवस. पाणी प्यायले आणि म्हणाले, "गुरुजी, रविवारी पहाटेच्या एस.टी.नं आम्ही निघालो. त्याच्या आत तुम्ही म्हणाल त्या दिवशी कचेरीत येऊन सही करतो. दिवस तुम्हीच काढा, तुमच्याइतकं कुणाला कळतंय."

जाता जाता हेही सांगून गेले, की बाजारपेठेतल्या भाताच्या शेठनी निरोप पाठवलाय. त्यांना तिथं गोदाम करायचंय, पैसे रोख आहेत, स्टँप घेऊन तयार बसलेत. "मी तुम्हाला शब्द दिलाय," काका म्हणाले, "पण घर असंच उघडं टाकून तर मला जाता येणार नाही." ते बरोबरच होतं. आज सांगायला सोपं जातंय, तेव्हा ते वाक्य मला ऐकवेना.

मामंजींनी पंचांग काढलं. गुरुवार चतुर्दशी म्हणून सोडून दिला, शुक्रवारवर बोट ठेवून लगेच उचललं, आणि शनिवारवर आले तसा त्यांचा चेहराच उजळला. "सूनबाई, शनिवारी रोहिणी! शनि-रोहिणी म्हणजे अमृतसिद्धी योग! अगं, लोक या योगासाठी महिनोन्‌महिने थांबतात, आणि आपल्या पायाशी चालून आला!" त्यांना इतकं खूश मी लग्नाच्या मांडवातही पाहिलं नव्हतं. मीही खूश झाले. गुरुवारी सकाळी दस्त लिहिणाऱ्याकडे जाऊन त्यांनी कागद लिहवून घेतला आणि दुपारची झोप झाल्यावर मला म्हणाले, "जा, काकांना सांगून ये, शनिवारी अकरा वाजता."

मी पदराला पेढे बांधून गेले. इस्राएल आळीत काका ओटीवर ट्रंकेला दोरी बांधत होते. मी म्हटलं, "काका, दिवस ठरला. शनिवारी अकरा वाजता."

त्यांच्या हातातली दोरी तशीच राहिली. आतून काकू बाहेर आल्या. "शनिवारी?" त्या म्हणाल्या. "अगं बाई, शनिवारी कसं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. शनिवार! ज्या लोकांना सगळा कुलाबा जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या शनवार तेली म्हणत आला, ज्यांचा घाणा शनिवारी बंद म्हणून आमच्या आजोळी शुक्रवारीच तेल भरून ठेवायचे, त्यांच्याकडून आम्ही शनिवारी सही मागत होतो! शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ही माणसं चूलसुद्धा पेटवत नाहीत. काकांनी उभ्या आयुष्यात शनिवारी टाक हातात धरला नव्हता. दवाखान्यात असताना दर शनिवारी बिनपगारी रजा घ्यायचे, हे मला ठाऊक होतं. मामंजींना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. आणि आम्ही दोघं रोहिणी रोहिणी करत नाचत बसलो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

"तुम्ही म्हणाल त्या दिवशी म्हटलं, ते माझंच चुकलं," काका म्हणाले. "मला वाटलं, शनिवार कोण सांगतंय."

मी म्हटलं, "मग उद्या?"

"उद्या दिवसभर मोकळा आहे मी. पाचला कचेरी बंद होते, त्यानंतर दिवस मावळायला दोन तास असतात. उद्या कधीही या." मग म्हणाले, "पण उद्या झालं नाही, तर मला संध्याकाळच्या आत शेठला कागद करून द्यावा लागेल. राग मानू नकोस, मुली. परवा शब्बाथ, तेरवा आम्ही वाटेवर."

काकूंना हुंदका आला. "माझ्या चुलीच्या जागी भाताची पोती रचणार तो," त्या म्हणाल्या. "तुम्ही राहा गं. काही करा पण तुम्ही राहा."

परत येताना पेढे पदरातच होते, आणि शुक्रवारवरून मामंजींनी बोट का उचललं ते मला माहीत होतं. शुक्रवारी अमावास्या होती.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. शनिवार ऐकल्याबरोबर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मी म्हातारा झालो," म्हणाले. "वाराकडे मी वार म्हणून बघितलंच नाही, योग म्हणून बघितलं." पण शुक्रवार म्हटल्यावर त्यांचा आवाज बदलला. "अमावास्येला घर घ्यायचं? मी? सूनबाई, तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की अमावास्येला सुतळीचा तोडासुद्धा विकत घेऊ नका. कुणाकुणाची ठरलेली खरेदी मोडायला लावली मी. त्यांना आता काय तोंड दाखवू?"

"लोकांना काय करायचंय?"

"लोकांचं सोड. मी ते मानतो," ते म्हणाले. "ढोंग म्हणून नाही सांगत आलो मी. तुझ्या पोटात जीव आहे आणि मी अमावास्येची वास्तू घरात आणू?"

मग मात्र माझा तोल गेला. तोंडाला लगाम नव्हताच, त्या दिवशी लाजही राहिली नाही. मी म्हटलं, "आख्ख्या गावासाठी तुमच्या पंचांगात चांगले दिवस निघतात. माझ्यासाठी एक निघत नाही? मागच्या वेळी घर बदललं तो दिवस तर चांगला होता ना? तुम्हीच काढला होतात. काय झालं त्या चांगल्या दिवशी?"

बोलले आणि जीभ चावली. पण बोललेलं काय परत घेता येतं? मामंजी पंचांग उचलून ओसरीवर जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आदळली, मग रडले, मग तांदूळ निवडायला घेतले. बाहेरून बराच वेळ नुसता पानं उलटण्याचा आवाज यायचा. पाटीवर पेन्सिलीचा पण आवाज यायचा.

दिवेलागणीला त्यांनी हाक मारली. पाटीवर आकडे मांडले होते. घटकांची मिनिटं केलेली, ती पुन्हा पुसून पुन्हा केलेली. "सूनबाई," ते म्हणाले, "उद्या अमावास्या आहे, पण दिवसभर नाही. चार वाजून वीस मिनिटांनी संपते. त्यानंतर प्रतिपदा लागली. कचेरी पाचपर्यंत असते. म्हणजे चाळीस मिनिटं मिळतात."

मला हसू पण आलं आणि रडू पण आलं. अंधार पडायच्या आत मी पुन्हा इस्राएल आळी गाठली. काकांनी ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "चार वीस ते पाच," ते म्हणाले. "गुरुजींना सांग, मी दोन वाजताच येऊन बसतो. माझंही घड्याळ आकाशातच असतं, मला काही नवल नाही वाटत."

शुक्रवारी आम्ही दोन वाजता रजिस्टर कचेरीत जाऊन बसलो. मी कशाला गेले? माझं तिथं काही काम नव्हतं. पण घरी बसले असते तर वेडी झाले असते. कचेरी म्हणजे एक लांबट खोली, पंख्याची दोरी ओढायला शिपाई, भिंतीवर मोठं घड्याळ आणि त्याच्याखाली साहेब. काका पांढराशुभ्र कोट घालून, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मामंजी त्यांच्या शेजारी, आणि त्यांच्या शेजारी दोन साक्षीदार. समोरच्या बाकावर ते भाताचे शेठ, खिशात स्टँपची घडी, शांतपणे सुपारी कातरत. ते भांडायला आले नव्हते. आमचं जमलं नाही तर आपण आहोत, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. त्यांच्या त्या कातरण्याचा आवाज माझ्या दातात जायचा.

आमच्या आधी चार कागद होते, आणि साहेब अडीचला बसले. मामंजींनी हिशेब केला, एकेकाला अर्धा तास, म्हणजे आपला नंबर साडेचारला. अगदी हवा तसा. मी जरा श्वास सोडला.

तीनला एक झाला. सव्वातीनला दुसरा. तिसरा उरकला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते, ठरल्यापेक्षा लवकर, पण चौथा लांबला तर चालण्यासारखं. आणि तेवढ्यात साहेब घड्याळाकडे बघून शिपायाला म्हणाले, "आज मी चारला उठणार. पेणला जायचंय, घरी आजारी आहेत. राहिलेल्यांनी उद्या यावं."

मामंजी उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, साडेचारपर्यंत थांबाल तर उपकार होतील." साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "गुरुजी, गाडी चुकेल. आणि तुमचा नंबर येईल की चारच्या आत, काळजी कशाला करता?" आता त्यांना कसं सांगायचं, की चारच्या आत येईल हीच काळजी आहे!

चौथा कागद एका आगरी म्हाताऱ्याचा होता, शेताच्या वाटणीचा. मी मनातल्या मनात त्याच्यासाठी देवाचा धावा करत होते. याचं काम लांबू दे, याच्या कागदात चूक निघू दे, साहेबाची गाडी चुकू दे. काय काय मागितलं मी त्या पंधरा मिनिटांत! आणि तो म्हातारा, देव त्याचं भलं करो, वळून मामंजींना म्हणाला, "गुरुजी, आमचा साक्षीदार अजून आला नाय. तुमी जावा पुढं. तुमचं काम मोठं हाय, घराचं हाय." एवढ्या आदरानं म्हणाला, की त्याला नको म्हणायची सोय नव्हती.

शिपायानं आमचा कागद उचलून टेबलावर ठेवला. घड्याळात चाराला दहा कमी होते.

काका उठून टेबलापाशी गेले. "लिहून देणार हजर," शिपाई म्हणाला. साहेबांनी त्यांना दोन-चार प्रश्न विचारले, पैसे पोचले का, राजीखुशीनं देताय का. काका हो हो म्हणाले, सही केली, अंगठा दिला. टाक त्यांनी लगेच खाली ठेवला नाही. आईबापांचं घर होतं ते त्यांच्या. मग साहेब म्हणाले, "लिहून घेणार?"

मामंजी जागचे हलले नाहीत.

समोरून शेठ म्हणाले, "गुरुजी, अमावास्या आहे हो आज. घाई नका करू." आणि सुपारी तोंडात टाकली. मेल्याचा आवाज किती गोड होता! दोन महिन्यांपूर्वीच मामंजींनी याला अमावास्या म्हणून बैलांची खरेदी थांबवायला लावली होती. सगळी कचेरी वळून बघायला लागली. दस्त लिहिणारा, शिपाई, आगरी म्हातारा, दारात उभे असलेले चार लोक, सगळ्यांनी कधी ना कधी आमच्या ओसरीवर बसून दिवस विचारला होता.

काका हळूच म्हणाले, "गुरुजी, मी तुमच्यासाठी रात्रीपर्यंत बसलो असतो, जर मला बसता आलं असतं."

मी काही बोलले नाही. जन्मात एकदाच गप्प बसले असेन. मला बोलायची भीती वाटत होती, आणि न बोलायचीही. पोटावर पदर घट्ट धरून नुसती बघत राहिले. मामंजींनी घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, तोंडाकडे नाही, पदर धरलेल्या हाताकडे. मग उठले, टेबलापाशी गेले, टाक दौतीत बुडवला आणि सही केली. इतकी सावकाश आणि इतकी स्वच्छ, की मोडीतली असूनही लांबून दिसत होती.

साहेब चारला उठले आणि गाडीला गेले.

कचेरीबाहेर आल्यावर मला वाटलं होतं की आनंद होईल. कसला आनंद! मामंजी पुढे चालत होते, मी मागे. बाजारपेठेत नेहमी चार माणसं त्यांना थांबवायची, त्या दिवशी कुणी थांबवलं नाही, की त्यांनीच कुणाकडे पाहिलं नाही, मला सांगता येणार नाही. तळ्यापाशी आलो तेव्हा मी म्हटलं, "मामंजी, माझ्यामुळं झालं."

ते थांबले. म्हणाले, "अमावास्येला वास्तू घेतली तर काय होतं, ते मी पुस्तकात वाचलंय. जातं उचलल्यावर काय झालं, ते डोळ्यांनी पाहिलंय." आणि पुन्हा चालायला लागले. मी तळ्याच्या काठावर पदर तोंडाला लावून जरा वेळ उभी राहिले.

शनिवारी संध्याकाळी हे आले, त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बाबांनी? अमावास्येला?" आणि त्यांच्याकडे बघत बसले. रविवारी पहाटे काका-काकू गेले. आम्ही एस.टी. स्टँडवर पोचवायला गेलो होतो. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पाणी गोड आहे विहिरीचं, त्यात कधी दुधाचं भांडं विसळू नका, नासतं." मी हो म्हटलं. सोमवारी आम्ही राहायला गेलो. या वेळी मला एक वाटीसुद्धा उचलू दिली नाही. मामंजींनी चार हमाल सांगितले होते, आणि जातं नव्या घरात येईपर्यंत मला शेजारणीच्या घरात बसवून ठेवलं होतं.

गावात व्हायचं ते झालं. शेठनी दोन दिवसांत चहूकडे बोभाटा केला. पहिला माणूस विचारायला आला तेव्हा मी दाराआड उभी होते. "गुरुजी, लोक काहीबाही बोलतात. चार वीसनंतर सही केलीत ना तुम्ही?" माणूस चांगला होता, त्यांना वाट करून देत होता. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. घड्याळ बघितलेली माणसं किती, आणि त्यातली आठवणारी किती! मामंजी म्हणाले, "नाही. चाराला दहा कमी होते. अमावास्या होती." तो माणूस जरा वेळ बसला, पान खाल्लं आणि दिवस न विचारताच उठून गेला. त्या वर्षी ओसरीवरची गर्दी ओसरली. लग्नाचे मुहूर्त विचारायला लोक यायचे, घराचे विचारायला येईनात. दक्षिणा कमी झाली, त्यांनी संध्याकाळचं दूध बंद केलं आणि मला म्हणाले की पचत नाही.

पण खरं सांगायचं तर भीती त्यांना नव्हती. भीती मला धरली. ज्या मी पंचांगावर तोंड टाकलं, ज्या मला अमावास्या म्हणजे एक काळी रात्र याखेरीज काही वाटत नव्हतं, तीच मी त्या घरात पाऊल टाकल्यापासून घाबरायला लागले. श्रावणात एक कौल फुटलं, मला वाटलं सुरुवात झाली. न्हाणीत पाय घसरला, काही लागलं नाही, तरी मी दोन दिवस अंथरुणावर पडून राहिले. पोटातलं हलायचं थांबलं की जीव खालीवर व्हायचा, हलायला लागलं की वाटायचं जास्तच हलतंय. रोज सकाळी दूध तापवताना मी ओसरीकडे तोंड करून विचारायची, "मामंजी, आज तिथी कोणती?" आणि ते सांगायचे. वद्य पक्ष सुरू झाला की मी दिवस मोजायची. अमावास्येला तर उंबऱ्याबाहेर पडायची नाही, सुई हातात धरायची नाही. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुझा तर विश्वास नव्हता ना गं यावर?" मी म्हटलं, "तुमचा आहे, म्हणून भीती वाटते." त्या दिवसापासून तिथी सांगताना त्यांचा आवाज हलका व्हायला लागला.

कार्तिकात एके दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या. हे उरणला होते. मामंजींनीच सुईणीला आणलं, पाणी तापवलं, माजघरात बाज टाकून दिली. कळा वाढल्या तशी माझी भीती वाढत गेली. मोजणी चुकली होती माझी. दिवाळीनंतर किती दिवस झाले, पौर्णिमा होऊन गेली का, अमावास्या आली का, काही म्हणता काही आठवेना. सुईण म्हणत होती, "जोर कर, जोर कर," आणि मी दात आवळून आडवी पडले होते. मी जोर करत नव्हते. मी अडवून धरलं होतं. आज वाईट दिवस असेल तर आज नको, उद्या होऊ दे, एवढंच डोक्यात होतं. सुईण घाबरली. बाहेर जाऊन म्हणाली, "गुरुजी, त्या ऐकत नाहीत."

मी आतून ओरडले, "मामंजी, आज तिथी कोणती?"

पहिल्यांदा उत्तर आलं नाही. मी पुन्हा ओरडले, "तिथी सांगा मला!"

मग दाराशी त्यांची पावलं वाजली. दार लोटलेलं होतं, ते पलीकडेच उभे राहिले. तीस वर्षं सूर्य उगवायच्या आत पंचांग बघितल्याशिवाय ज्यांनी चूळ भरली नव्हती, ते म्हणाले, "सूनबाई, आज मी पंचांग उघडलंच नाही. तू मोकळी हो."